खानापूरच्या मुलांसाठी लहान बोर्डिंगे हवीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील गावांत दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो : गावच्या मराठी शाळेत सातवी झालेल्या मुलाने आठवीला जायचे कुठे? हायस्कूल दूर, वाट जंगलाची आणि पाऊस लागला की साकवावरून पाणी. मग मुलगा जनावरांमागे जातो, नाहीतर गोव्याला कामाला लागतो. त्याच्यासाठी पूर्वीसारखी लहान बोर्डिंगे पुन्हा सुरू व्हावीत, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

खेड्यातल्या मुलाला राहायला जागा आणि पोटाला अन्न नसेल तर शाळेचे दार उघडे असून उपयोग नाही, हे ओळखूनच राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून प्रारंभ केला आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहू दिली. त्याच कोल्हापुरात शिकलेले कुंभोजचे भाऊराव पाटील आणखी पुढे गेले. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवत आणि स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंतची कामे स्वतः करत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. घरोघरी रोज मूठभर धान्य बाजूला काढून बोर्डिंगला देण्याचा मुष्टिफंडही भाऊरावांचाच.

मी स्वतः अशाच एका लहान बोर्डिंगात तीन वर्षे काढली. पहाटे मलप्रभेवर आंघोळ, मग कंदिलाभोवती बसून पाठांतर, आणि ज्यांची पाळी असेल ती दोन मुले चुलीपाशी. शिधा देताना सर मापावरची रास तळहाताने सपाट करत. मुलगा कोणाचा आहे हे त्यांनी कधी पाहिले नाही. माझ्या पहिल्याच पाळीला भात करपला, तेव्हा सगळ्यांनी तो निमूट खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी एक मोठा मुलगा न सांगता माझ्याशेजारी येऊन बसला. माझ्या वळकटीशेजारी कित्तूरकडच्या एका कन्नड मुलाची वळकटी असे. त्याला मी मराठी वाचायला शिकवले आणि त्याच्याकडून कन्नड बोलायला शिकलो. पुढे नोकरीत मला जे कन्नड उपयोगी पडले, ते त्याच्याकडूनच मिळालेले. बाहेर भाषेवरून कितीही वातावरण तापले तरी आमच्या त्या खोलीत दोन्ही भाषा सुखाने नांदल्या. ते बोर्डिंग केव्हाच बंद पडले, याची खंत आजही वाटते.

मोठ्या इमारतीची गरज नाही. हायस्कूल असलेल्या गावातले एखादे रिकामे घर, वीस मुले आणि रात्री मुक्कामाला एक जाणता माणूस पुरेसा आहे. मुलामागे दिवसाला तीनशे ग्रॅम तांदूळ धरला तरी वीस मुलांना शाळेच्या दहा महिन्यांत सुमारे अठरा क्विंटल लागतो. आपला तालुका भाताचा आहे. सुगीत दहा गावांनी वाटून घेतले तर हा भार जड नाही. डाळ, मीठ-मिरची आणि दिवाबत्तीचा खर्च ग्रामपंचायती व माजी विद्यार्थी उचलू शकतील. मुक्कामाचे काम आम्हा निवृत्त शिक्षकांकडे द्यावे. आठवड्यातून दोन रात्री राहायला मी तयार आहे, आणि तयारी असलेल्या इतर शिक्षकांनी सुगीपूर्वी आपापल्या गावच्या पंचायतीकडे नावे द्यावीत, अशी विनंती आपल्या वृत्तपत्राद्वारे करतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
जांबोटी, ता. खानापूर, जि. बेळगाव