रायफल गंजवून परत दिल्याबद्दल गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: निवडणूक काळात जमा करून घेतलेली परवान्याची रायफल खराब अवस्थेत परत मिळाल्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी ठाण्यात राहतो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य काढून निवृत्त झालो. माझ्याकडे पॉइंट टू टू बोअरची एक जुनी रायफल आहे, रीतसर परवान्यावर. १५ जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीसाठी ती आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात जमा करून घेतली. निवडणूक झाली, निकाल लागले, गुलाल उधळला, सत्कार झाले. मग बऱ्याच खेपा घातल्यावर रायफल माझ्या हाती आली. ती कशी आली हे आपल्या कानावर घालावं म्हणून हे पत्र. आपला वेळ मोलाचा आहे याची कल्पना आहे. माझाही होता.

बॅरलभोवती लोखंडी तार पिळून लेबल बांधलेलं होतं. तारेखाली पूर्ण गोल गंजाचं कडं. ओल्या गोणपाटात गुंडाळून खिडकीखाली उभी केली होती, आणि त्या खिडकीवर वरच्या एसीचं पाणी ठिबकत होतं. दस्त्याला मुठीच्या जागी तडा. मॅगझीन नाहीच. विचारलं, तर कारकुनाने पावती पुढे केली: "रायफल एक नग. मॅगझीन लिहिलंय का कुठं?" लिहिणारे तेच आणि विचारणारेही तेच!

हे सगळं एक वेळ गिळलं असतं. पण घरी आल्यावर बोल्ट काढला, टॉर्च लावली आणि भिंग घेऊन चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, तोंडावर बघितलं. तिथे कडेला नवा, चकचकीत खड्डा. फायरिंग पिनच्या टोकाच्या मापाचा, आणि एकच नाही, एकावर एक. म्हणजे आमच्या मुद्देमाल खोलीत कुणीतरी करमणूक म्हणून रिकामी रायफल कॉक करून खटका ओढत बसलं होतं.

साहेब, यात काय बिघडलं हे आपल्या खात्याला समजायला हवं, म्हणून सांगतो. पोलिसांच्या रायफलीत पिन काडतुसाच्या बुडाला मधोमध ठोकते. पॉइंट टू टूचं काडतूस रिमफायर. त्याची दारू पेटवणारा मसाला बुडाच्या कडेच्या घडीत भरलेला असतो, म्हणून पिनही कडेलाच ठोकते. आत काडतूस असलं तर मार त्या मऊ पितळेवर बसतो. काडतूस नसलं तर जुन्या रायफलीत पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते. काठाचं पोलाद आत दबतं, त्याला बर, म्हणजे धारदार उंचवटा येतो. मग काडतूस नीट बसत नाही, झाडल्यावर रिकामी पुंगळी अडकते, आणि एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणारा आकडा, तिची कड कुरतडून मोकळा होतो. पिनचं टोक बोथट झालं की मिसफायर सुरू. पन्नास वर्षं ज्यांनी ही रायफल वापरली, त्या सगळ्यांनी मिळून जे बिघडवलं नाही, ते दोन दुपारच्या कंटाळ्यात झालं.

ही रायफल माझ्याकडे आली तीही आपल्याच कृपेने, म्हणजे सरकारच्या. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायदा बदलला. तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील, जास्तीचं वर्षभरात जमा करा किंवा द्या. नाशिककडचे एक वयस्क बागायतदार, त्यांच्याकडे बारा बोअर, रिव्हॉल्व्हर आणि ही रायफल, ब्रनो मॉडेल टू. वडिलांनी घेतलेली, झेकोस्लोव्हाकिया नावाचा देश होता तेव्हाची. पोलिसांकडे टाकून सडवण्यापेक्षा कुणा नेमबाजाच्या हाती जावी एवढीच त्यांची इच्छा. मग त्यांनी लेखी सूचना देणं, कायद्याने सांगितलेले ४५ दिवस थांबणं, माझ्या परवान्यावर नोंद, इकडची ना हरकत, तिकडची ना हरकत, आणि मध्ये करोना. कार्यालयं बंद आणि कायद्याची मुदत चालू! त्या बागायतदार दादांनी त्या वयात मास्क लावून रांगा लावल्या. मी त्यांना शब्द दिला होता, रायफल नीट ठेवीन. आता त्यांचा फोन आला की मी विषय बदलतो.

आली तेव्हा तिची अवस्था फार चांगली नव्हती. बॅरलमध्ये शिशाचा थर, दस्त्यावर कुणीतरी फासलेलं फर्निचरचं पॉलिश, एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग मेलेली. साफसफाई माझी. पितळी ब्रश, तेल, आणि संध्याकाळच्या संध्याकाळ. दस्त्याचं पॉलिश उतरवून अळशीचं तेल हाताच्या तळव्याने चोळायचं, वाळू द्यायचं, परत चोळायचं. अक्रोडाचं लाकूड हळूहळू रेषा दाखवायला लागलं तेव्हा आमच्या सौ.ने पहिल्यांदा त्या रायफलीकडे शत्रूसारखं न बघता बघितलं. स्प्रिंग आणि पिन मात्र परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडूनच. कारण शस्त्र कायद्याचं कलम ५. शस्त्र दुरुस्त करायला वेगळा परवाना लागतो. मी आयुष्यभर मायक्रॉनमध्ये काम केलं, पण स्वतःच्या रायफलीच्या पिनला कानस लावली तर गुन्हेगार. मान्य आहे, कायदा आहे. स्टूलवर बसून दुसऱ्याचं काम बघत राहिलो, दोनदा "अहो, जरा हळू" म्हणालो, एवढंच.

आता तोच दुरुस्तीवाला म्हणतो, काठ परत बसवायचं अवजार आहे, पण खात्री देत नाही. पिन घडवून देईन, मूळची मिळणार नाही. मॅगझीनचं नाव काढू नका. कुठून मिळणार? परदेशी बंदुकांची सर्वसामान्यांसाठीची आयात १९८० च्या दशकातच बंद झाली. देशात जे आहे ते चार दशकांपूर्वी आलेलं, हातोहात फिरणारं, आजोबांकडून नातवाकडे. आता नामांकित नेमबाज झालात तर बाहेरून आणायची मुभा आहे. नामांकित व्हायच्या आधी काय करायचं, काठीने नेम धरायचा?

१ ऑगस्ट २०२४ ला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे तीन स्थितींतून नेम धरायच्या प्रकारात, ऑलिंपिक कांस्यपदक घेतलं. नाक्यानाक्यावर फलक लागले, फलकावर स्वप्नील एवढासा आणि बाकीचे चेहरे केवढे. त्या फलकांवरच्या एकाला तरी ठाऊक होतं का, की ते पदक याच पॉइंट टू टू रिमफायरचं आहे? त्याच बोअरची, त्याच काडतुसाची रायफल आमच्या पोलीस ठाण्यात गोणपाटात भिजत असते.

आणि ती तिथे जायलाच नको होती, हे खरं दुखणं. लोकसभेच्या वेळी, २०२४ मध्ये, पहिल्यांदा जमा केली. मार्चमध्ये आचारसंहिता लागली ती जूनपर्यंत. तेव्हाही थोडा गंज घेऊन आली. मी स्पर्धांची प्रमाणपत्रं, संघटनेचं सदस्यत्व, सगळं दाखवलं. निवडणूक आयोगाच्या सूचनांत साफ आहे की सरसकट शस्त्रं उचलू नका, छाननी करा, जामिनावर सुटलेले, गुन्हे असलेले, दंगलीत नाव आलेले यांची आधी बघा. रायफल संघटनेच्या खेळाडूंना आणि बँकांच्या रक्षकांना सूट असते. उच्च न्यायालयांनीही हेच वेळोवेळी सुनावलंय. तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "काका, पुढच्या वेळी छाननी समितीपुढे तुमचं नाव मीच ठेवतो." पुढच्या वेळी विधानसभा. साहेबांची बदली झालेली. त्याच्या पुढच्या वेळी महापालिका. आता उत्तर असं, की "ती सूट केंद्राच्या आयोगाची, ही निवडणूक राज्य आयोगाची." रायफल मात्र तीच, काका तेच, आणि गोणपाटही बहुतेक तेच.

गंमत बघा. ठाणे महापालिकेची मुदत २०२२ मध्ये संपली, नवी मुंबईची तर २०२० मध्ये. इतकी वर्षं निवडणूक घ्यायला कुणाला घाई नव्हती. प्रशासक बसवून कारभार रेटला. घोडबंदर रोडवर अॅम्ब्युलन्स अडकली तर जाब विचारायला नगरसेवक नाही. आणि एकदाची निवडणूक लागल्यावर लोकशाहीला पहिला धोका कुणाचा, तर माझ्या २.६ ग्रॅमच्या शिशाच्या गोळीचा, जी मी वरळीच्या रेंजवर कागदावर मारतो!

२ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरात काय झालं? पोलीस ठाण्याच्या आत, अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये, गोळीबार. आरोप कुणावर? तेव्हाच्या विद्यमान आमदारावर. खटल्याचं जे व्हायचं ते होईल, मी न्यायाधीश नाही. पण त्या घटनेनंतर राजकारण्यांच्या किती परवान्यांची फेरछाननी झाली, हा आकडा एकदा सभागृहात सांगा ना. मध्य प्रदेशातल्या उमरटीचे आणि बिहारमधल्या मुंगेरचे गावठी कट्टे दर आठवड्याला आपलेच पोलीस पकडतात आणि टेबलावर मांडून फोटो काढतात. कट्टेवाला आचारसंहिता लागल्यावर जमा पावती मागायला रांगेत उभा राहतो का? रांगेत आम्हीच. बँकेचा रखवालदार, बारा बोअरवाले शेतकरी आणि मी.

आकडेच हवेत तर घ्या. २०१६ अखेरचे केंद्रीय गृह मंत्रालयाचे आहेत, नवे आपल्याकडे असतील. देशात ३३ लाखांवर परवाने, त्यातले १२ लाखांवर एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात ८४ हजारांच्या आसपास. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ दरम्यान २ लाख ७८ हजार परवाने नियम धाब्यावर बसवून दिले, असं सीबीआय म्हणते, आणि त्यात नावं आली ती मोठमोठ्या अधिकाऱ्यांची. तिथे पैसे मोजून परवाने वाटले जात होते. इथे २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे पोलिसांनी तीस दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर साठ दिवसांत परवाना अधिकाऱ्याने निर्णय घ्यायचा. हे वाक्य मी परवाना शाखेत वाचून दाखवलं तेव्हा समोरचे हसले. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

माझ्या शेजारणीची मुलगी एअर रायफलवर छान मारते. तिला पॉइंट टू टूला आणायचं मनात होतं. तिचे वडील परवा म्हणाले, "काका, तुमचे हाल बघितले, आम्ही तिला बुद्धिबळ लावतो." काय बोलणार?

आता मागणं काय, ते लिहितो, नाहीतर "तक्रारीचे स्वरूप स्पष्ट नाही" असा शेरा येईल. शस्त्र जमा करताना जागेवर पंचनामा व्हावा, फोटोसह, सुट्या भागांसह, आणि त्यावर घेणाऱ्याची सही असावी. सूट नाकारली तर कारण लेखी द्यावं. खेळाडूंची सूट महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकांनाही लागू करावी, हे एका पानाच्या परिपत्रकाचं काम आहे. जमा शस्त्रांसाठी कोरडं कपाट आणि तेलाची बाटली, एवढं बजेट नसेल तर मी वर्गणी काढतो. माझ्या रायफलीच्या दुरुस्तीचा खर्च ज्याने खटका ओढला त्याच्या पगारातून घ्या, माझ्या करातून नको. आणि माझं मॅगझीन शोधा. पाच गोळ्यांचं, लोखंडी, तळाशी एक ओरखडा आहे. त्या खोलीबाहेर ते कुणाच्याच कामाचं नाही, म्हणजे ते अजून तिथेच कुठेतरी फायलींखाली असणार.

उत्तर पाठवायचं झालं तर हे पत्र "योग्य त्या कार्यवाहीसाठी" म्हणून त्याच पोलीस ठाण्याकडे वर्ग करू नका. तिथल्या आवक शिक्क्यांची थप्पी माझ्याकडे आधीच आहे, दाखवायला घेऊन येऊ शकतो. फक्त मंत्रालयाच्या प्रवेशद्वारावर आत सोडायला सांगून ठेवा.

आपला,
एक परवानाधारक नेमबाज, ठाणे