मशीन नंतर, आधी फाइल

चि. प्रशांत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज फोनने वाचून दाखवला. दिवाळीला ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं ते मशीन, आणतो म्हणालास. आणू नको असं म्हणत नाही, पण घेण्याआधी हे पत्र पूर्ण वाच. तू प्रकाशकाकडे ई-पुस्तकं तयार करतोस, म्हणून इतकं सविस्तर कळवतो आहे. तुझ्या आईचं मत वेगळंच आहे: "पैसे काऊन उडवून रायला तो? त्यापेक्षा चार दिवस जास्तीचा राय म्हना घरी."

तू आणणार तशातला एक ई-रीडर मी वापरून पाहिला आहे. शाळेतल्या मॅडमनी दिला होता. त्यात सुख नाही असं नाही. थंडीत सकाळी अंगणात उन्हात बसलो की मोबाइलच्या काचेवर काहीच दिसत नाही, याची अक्षरं मात्र छापील कागदाची असावीत तशी स्वच्छ. चार्जिंग आठवड्यानुआठवडे पुरतं. आपल्याकडे लाइट कधी जाईल अन् कधी येईल याचा नेम नाही, तिथे ही गोष्ट लहान नव्हे.

पण अक्षर मोठं केलं की म्हाताऱ्याला वाचता येईल, हा जो सगळ्यांचा समज आहे, तो माझ्या डोळ्यांना लागू नाही. काचबिंदूत नजर कडेने जाते. मला मधलं तेवढं दिसतं, एखाद्या पाइपातून पाहावं तसं. अक्षर मोठं केलं की त्या पाइपात 'शेतकरी'मधलं 'शेत' मावतं, 'करी' बाहेर राहतं. मग मान हलवत हलवत शब्द जोडायचा, आणि ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरायची. तुझ्या मोठ्या मावशीचं नेमकं उलटं आहे. तिच्या डोळ्याचा पडदा मधोमध खराब झाला, कडेचं दिसतं. तिला अक्षर जेवढं मोठं तेवढं चांगलं. तिच्यासाठी हे मशीन अवश्य घे. मला मध्यम अक्षर लागतं, आणि काळ्यावर पांढरं. ई-रीडरची पाटी मुळातच थोडी राखाडी, त्यामुळे काळी अक्षरं कागदावर उठतात तितकी तिथे उठत नाहीत. सध्या थेंब टाकून डोळ्यांतला दाब धरून ठेवला आहे, पण गेलेली नजर परत येत नाही हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे आज ना उद्या कानावरच यायचं आहे. मग आत्तापासूनच का नको?

त्या मशीनला आवाजही होता. ब्लूटूथचे हेडफोन लावावे लागले, कारण त्याला स्वतःचा स्पीकरच नाही. मेनू त्या आवाजातल्या बाईने इंग्रजीत छान वाचला. मराठी पुस्तक उघडलं आणि बाई गप्प. पडद्यावर मराठी दिसते, कानाला मिळत नाही! मॅडमच्या मशीनचं सांगतो. तू घेशील त्यात मराठी आवाज आहे का, हे दुकानदाराला न विचारता स्वतः ऐकून घे.

फोनवर मात्र माझं बरं चाललं आहे. टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय, सुरू केलं की बोट ठेवू ते नाव ऐकू येतं, दोनदा टिचकी मारली की उघडतं, उजवीकडे बोट सरकवलं की पुढचं. मराठी आवाज एकदा उतरवून घेतला की नेटवर्क नसलं तरी बोलतो. सुरुवातीला बाईचा वेग सोसत नव्हता, आता मीच वाढवून ठेवला आहे. तुझी आई म्हणते, "भांडून रायली का हे बाई तुमच्याशी?" एकच तक्रार: वऱ्हाडी संवाद आला की बाई तो बातम्यांच्या सुरात वाचते. "काऊन बे, कुठी चालला?" हे त्या आवाजात ऐकून मी एकटाच हसत बसलो होतो.

आता तुझ्या कामाचं. अडतं ते फाइलमध्ये. लोक मला प्रेमाने पीडीएफ पाठवतात. त्यातल्या कित्येक म्हणजे पुस्तकाच्या पानांचे नुसते फोटो. डोळस माणसाला पान दिसतं, बाईला आत एक अक्षर सापडत नाही. दुसऱ्या प्रकारच्या त्याहून फसव्या. त्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या असतात. कृतिदेव नावाच्या अशा फॉन्टमध्ये 'मराठी' जुळवलं की पडद्यावर 'मराठी' दिसतं, पण फाइलच्या पोटात ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशी इंग्रजी अक्षरं असतात. बाई बिचारी पोटातलं वाचते. तुमच्या ऑफिसात जुनी पुस्तकं ई-पुस्तक करताना ती युनिकोडमध्ये, म्हणजे फाइलच्या पोटातही मराठीच अक्षरं राहतील अशी, नीट फिरवून घेता ना? आणि फिरवल्यावर कोणी जोडाक्षरं तपासतं का? कापसाच्या 'पऱ्हाटी'तला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. दिसायला दोन्ही सारखे, पण एका तऱ्हेने लिहिलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेने शोधला तर सापडेलच असं नाही. (हे पत्र मी बोलून टाइप करतो आहे. मी 'पऱ्हाटी' म्हटलं की फोन 'पराठा' लिहितो. मला पेपर वाचून दाखवणारा गजू मागून दुरुस्त करतो, आणि वर हसतो.)

युनिकोड असलं तरी भागत नाही. छापील पानावर ओळीच्या शेवटी शब्द तोडून जी आडवी रेघ देता, ती ई-पुस्तकात तशीच राहिली की बाई मधेच ठेचकाळते. पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं नाव आणि पानाचा आकडा, पीडीएफमध्ये हे दर पानाला वाक्याच्या मधोमध ऐकू येतं. नायिका रडते आहे आणि बाई सांगते 'एकशे बारा'. प्रकरणाचं नाव तुम्ही नुसतं ठळक आणि मोठं करता. बघणाऱ्याला ते शीर्षक वाटतं, बाईला आणखी एक वाक्य. ते शीर्षक म्हणूनच नोंदवलं आणि अनुक्रमणिकेला जोडलं, तर मी एका टिचकीत सातव्या प्रकरणावर जातो. नाहीतर सारं पुस्तक बोटाने नांगरायचं. ओव्या, अभंग, कविता यांत ओळ कुठे तुटली हे फाइलला कळलं पाहिजे. विरामचिन्ह नसलं की अख्खं कडवं एका दमात संपतं. चित्र असेल तर चित्रात काय आहे ते दोन ओळींत लिहा. नुसतं 'इमेज' ऐकून मला काय कळणार?

तुमच्या साहेबांना वाटेल, एवढी उस्तवार कोण करणार, आणि आवाजात वाचू दिलं तर ऑडिओबुक कोण घेणार. हे भांडण जुनं आहे. २००९ साली किंडल या ई-रीडरने पुस्तक मोठ्याने वाचायची सोय दिली, तेव्हा अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने हरकत घेतली, आणि कुठलं पुस्तक बोलेल ते प्रकाशकाच्या हाती गेलं. अंध वाचक त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. आपल्याकडे २०१२ साली कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती झाली. दृष्टिहीनांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक बदलायला आता मुभा आहे. दृष्टिहीनांना पुस्तकं मिळावीत म्हणून देशादेशांत झालेला माराकेशचा करार २०१३ चा, आणि २०१४ साली त्यावर सगळ्यात आधी शिक्कामोर्तब केलं ते आपल्या देशाने. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे दृष्टिहीनांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय आहे, दिव्यांग दाखल्यावर सभासद होता येतं. माझ्या सभासदत्वाचं काम चालू आहे. पण मी म्हणतो, पुस्तक मुळातच नीट केलं तर कोणी मागून दुरुस्त कशाला करायचं? मी दाखल्यावर फुकट मागत नाही आहे. विकत घ्यायला तयार आहे, फक्त ते बोललं पाहिजे.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले संत गुलाबराव महाराज तुला ठाऊक आहेत. वयाच्या पहिल्याच वर्षी डोळे गेले. ग्रंथ दुसऱ्यांकडून वाचून घ्यायचे, आणि १९१५ साली, चौतिसाव्या वर्षी, गेले तोवर शंभराहून जास्त रचना करून ठेवल्या. लोक त्यांच्या स्मरणशक्तीचं कौतुक करतात, ते योग्यच. माझं लक्ष आता समोर बसून वाचणाऱ्या माणसाकडे जातं. त्याला झोप येत असेल, त्याची निंदणी खोळंबली असेल, त्याला कंटाळवाणं पान गाळावंसं वाटत असेल. गजू रोज पेपर वाचतो, पोरगं गुणाचं आहे, पण अग्रलेख आला की त्याला क्रिकेटची आठवण होते. मीही 'राहू दे रे' म्हणतो. मागून घ्यायची लाज नाही वाटत मला, पण रात्री अडीचला जाग आली की मागायचं कोणाला? तेव्हा फोन उशाशी असतो. मागच्या आठवड्यात मराठी विश्वकोशातली कापसावरची नोंद अशीच ऐकली. ती वेबवर युनिकोडमध्ये आहे, म्हणून बोलली.

तूर फुलावर आहे, कापसाची पहिली वेचणी सुरू झाली. वेचायला बाया मिळत नाहीत, त्यामुळे तुझी आई दिवसभर वावरात. सूनबाईला सांबारवडी आवडते, तिने यायची तारीख कळवावी.

सध्या हातात असलेलं एखादं पुस्तक साहेबांना विचारून मला ईपबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये, पाठव. छापायच्या आधीचं कच्चं चालेल. मी पूर्ण ऐकतो, आणि कुठल्या प्रकरणात, कुठल्या शब्दाला बाई अडखळली ते गजूकडून लिहून पाठवतो. पस्तीस वर्षं वह्या तपासल्या आहेत, चुका सोडणार नाही. कवितांचं असेल तर आधी तेच पाठव.

तुझे,
बाबा