सर्पगंधा आणि थकलेले हृदय

महोदय,

रक्तदाबावर सर्पगंधेचे मूळ उगाळून घेणाऱ्यांसाठी हे पत्र. १९५२ मध्ये या मुळातून वेगळे केलेले रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांतला नॉरअ‍ॅड्रिनलिन या हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना चेतवणाऱ्या रसायनाचा साठा रिकामा करते. म्हणून दाब उतरतो, नाडी मंदावते. पण थकलेले हृदय त्याच रसायनाच्या रेट्यावर चालत असते. तो गेला की पाय सुजतात, आडवे होताच धाप लागते. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध चालू असेल तर नाडी आणखी घसरते. मूळ थांबवले तरी परिणाम कित्येक दिवस टिकतो! अशा रुग्णाचे वजन रोज सकाळी, लघवीनंतर, न्याहारीपूर्वी घ्यावे. ३ दिवसांत २ किलो वाढले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, आणि मुळाचे लपवू नये. सुका बांगडाही बंद. त्यातले मीठ पाणी धरून ठेवते.

– एक वाचक, रत्नागिरी