कुपी टाकून देण्याचा निर्णय परिचारिकेचा असावा

महोदय,

लसींच्या नासाडीचा विषय निघाला की चर्चा वीज, जनरेटर आणि फ्रिजच्या खरेदीवर येऊन थांबते. ही साधने हवीतच. परंतु हातातील कुपी वापरायची की बाजूला काढायची हे अखेरीस परिचारिकेलाच ठरवावे लागते, आणि तिच्या या निर्णयाला आपल्याकडे पुरेसे मोल नाही.

मे 2021 मध्ये केरळने कोविड लसीच्या 73,38,806 मात्रा मिळाल्या असताना 74,26,164 मात्रा दिल्याचे जाहीर केले. कुपीत काही लस वाया जाणार हे धरून ती थोडी जास्त भरलेली असते. काटेकोरपणे ओढल्यास दहाच्या कुपीतून अकरावी मात्रा निघते. मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी तेव्हा परिचारिकांचे नाव घेऊन कौतुक केले होते.

साठवणुकीतील चुका मात्र इतक्या ठळक दिसत नाहीत. उष्णतेने लस बिघडली तर कुपीवरील व्हीव्हीएमचा, म्हणजे उष्णतेने रंग बदलणाऱ्या खुणेचा, चौकोन गडद होतो. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरील एकत्रित लस), हिपॅटायटिस-बी किंवा टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस गोठून निकामी झाली तर तोच चौकोन काहीही सांगत नाही. म्हणूनच 2 ते 8 अंशांच्या आयएलआरमध्ये, म्हणजे लसींच्या खास फ्रिजमध्ये, या लसी तळाशी न ठेवता वरच्या भागात ठेवणे, लसीकरण सत्राच्या सकाळी आइसपॅक कानाजवळ हलवून आत पाणी खळखळल्याशिवाय लस नेण्याची पेटी (कॅरिअर) न भरणे आणि शंका आल्यास शेक टेस्ट, म्हणजे कुपी हलवून लस गोठली होती का हे पाहणे, ही कामे कोणतेही यंत्र करू शकत नाही. ई-विन या लससाठ्यावर नजर ठेवणाऱ्या संगणकीय प्रणालीमुळे तापमान बिघडल्याचा संदेश मोबाइलवर येतो हे खरे, पण सुट्टीच्या रात्री केंद्राचे कुलूप उघडून लसी हलवायला माणूसच लागतो.

दुसरी अडचण हिशेबाची आहे. ओपन व्हायल (उघडलेल्या कुपीच्या) धोरणानुसार पेंटा, पोलिओ आदी लसींची उघडलेली कुपी अटी पाळून 28 दिवसांपर्यंत वापरता येते. बीसीजी (क्षयरोगावरील) आणि एमआरची (गोवर-रुबेलावरील) कुपी मात्र द्रावक मिसळल्यापासून चार तासांनंतर टाकूनच द्यावी लागते. सत्राला एकच बाळ आले तरी ही कुपी फोडायची असते. परंतु आढावा बैठकीत नासाडीच्या टक्केवारीवरून जाब विचारला जाऊ लागला, की ‘पुढच्या वेळी या’ हे वाक्य आपसूक तोंडी येते आणि मजुरी बुडवून आलेली आई लस न देताच बाळाला घेऊन परत जाते. ही बचत नव्हे.

तेव्हा नियमानुसार फेकलेल्या उघड्या कुप्या आणि गोठल्यामुळे, मुदत संपल्यामुळे किंवा व्हीव्हीएम बदलल्यामुळे गेलेल्या बंद कुप्या यांची नोंद आढाव्यात वेगळी मांडावी. चौकशी दुसऱ्या प्रकाराची व्हावी, आणि तीही परिचारिकेपासून सुरू न होता तापमान नोंदवहीवर सही करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यापासून व्हावी. शीतसाखळी सांभाळणारी परिचारिका रजेवर असताना तिच्या जागी प्रशिक्षित व्यक्ती नेमण्याचा लेखी आदेशही प्रत्येक केंद्रात असावा.

— एक निवृत्त आरोग्य सहायिका, सातारा