न्यूट्रिशनला जायचं म्हणतोस ते

बाळू,

काल फोनवर नीट बोलणं झालं नाही, मागे कुकरच्या शिट्ट्या आणि आप्पांचा टीव्ही, म्हणून लिहायला बसले. निवांत वाच. हॉस्टेलच्या पोरांना दाखवत बसू नकोस.

आधी हे सांगते की तू न्यूट्रिशन घेणार त्याला माझी ना नाही. मामाचा फोन आला होता, "पोरगं आता स्वयंपाक शिकायला जाणार काय की" म्हणून हसत होता, आप्पा गप्पच होते पण त्यांच्याही मनात तेच आहे ते मला कळतंय. नीटला मार्क कमी पडले म्हणून उरलंसुरलं घेतोय असं सगळ्यांना वाटतं. तसंच असेल तर मात्र घेऊ नको बाबा, खरंच सांगते. कारण त्या डिग्रीत स्वयंपाक असलाच तर एखाद्या प्रॅक्टिकलपुरता, बाकी सगळी बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, फूड केमिस्ट्री आणि वर स्टॅटिस्टिक्स, ज्याला बायोलॉजीपासून सुटका पाहिजे त्याने तिकडे जायचंच नाही. तुला बारावीत एन्झाइम्सचा चॅप्टर आवडला होता म्हणून मी हो म्हणतेय, मामाला काय माहीत त्यातलं.

माझं ज्ञान अंगणवाडीपुरतं. ती दंड मोजायची रंगीत पट्टी तू लहानपणी मनगटाला गुंडाळून घड्याळ म्हणून फिरायचास ना, तीच. डाव्या दंडाच्या मधोमध लावायची, ११५ मिलिमीटरच्या खाली आलं की लाल म्हणजे पोर फार कुपोषित, ११५ ते १२५ पिवळं, वर हिरवं म्हणजे ठीक. लाल आलं की काय करायचं ते मला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय, वजन-उंची घ्यायची, नोंद करायची, सिस्टरना कळवायचं, पुढे पाठवायचं. पण एकाच घरात दोन पोरं, एकच चूल, एकच भात-आमटी, त्यातल्या धाकट्याचा दंड लाल आणि थोरल्याचा हिरवा, असं झालं की माझी ट्रेनिंग तिथे संपते. जन्मताना वजन कमी होतं काय, सारखी हगवण लागते काय, जंत आहेत काय, वरचं खाणं सहा महिन्याला सुरू केलं की वर्ष होईपर्यंत नुसत्या दुधावर ठेवलं, का त्याच्या आईलाच गरोदरपणी रक्त नव्हतं? यातलं कुठलं किती ते शोधायला शिकलेला माणूस लागतो, आणि तसा माणूस आमच्या भागात कोण येत नाही. तू तो हो असं मी म्हणत नाही, तुझं तू ठरव, पण या डिग्रीत "का" विचारायला शिकवतात तेवढ्यासाठी तरी ती घ्यावी असं माझं मत आहे.

आणि हा विषय आपल्या ताटातूनच वर आलाय की. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आहे ना, ती १९१८ साली कुन्नूरला सुरू झाली तेव्हा एका खोलीतलं बेरीबेरीचं संशोधन होतं ते, मॅककॅरिसन नावाच्या डॉक्टरचं. बेरीबेरी म्हणजे पॉलिश केलेला पांढराशुभ्र तांदूळ खाऊन खाऊन बी-वन जीवनसत्त्व कमी पडल्याचा रोग. आपली आज्जी उकडा तांदूळ सोडायला तयार नव्हती, सगळे तिला जुनाट म्हणायचे, पण भात साळीसकट उकडला की कोंड्यातलं बी-वन दाण्यात शिरतं आणि मग गिरणीत सडला तरी बरंच टिकतं, म्हणून उकडा खाणाऱ्यांत तो रोग कमी दिसायचा. आणि आपल्या जिल्ह्यात तिकडे गोकाक-अथणीकडची माणसं जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेली, तर नुसत्या जोंधळ्यावर राहणाऱ्या गरिबांना दख्खनमध्ये पेलाग्रा नावाचा रोग व्हायचा, उन्हात कातडी काळी पडून सोलायची, तर जोंधळ्यात ल्युसिन (प्रोटीनमधला एक घटक) जास्त असल्याने तसं होतं असं गोपालन आणि श्रीकांतिया या शास्त्रज्ञांनी १९६० साली मांडलं. पुढे त्यावर वाद झाले म्हणे. म्हणून भाकरी वाईट असं नाही हां, भाकरीबरोबर डाळ-भाजी-दूध नसणं वाईट. लूसी विल्स नावाची एक डॉक्टरीण १९२८ साली मुंबईला आली, कापड गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्ताला काय होतंय ते बघायला, आणि तिने यीस्टचा अर्क देऊन त्या बायका बऱ्या केल्या. त्यात जे होतं ते पुढे फॉलिक ॲसिड निघालं. आज मी गरोदर बायकांना लोहाच्या लाल गोळ्या घ्या म्हणून मागे लागते त्यात लोहाबरोबर तेच असतं. (गोळीने संडास काळी होते म्हणून बायका ती मोरीत टाकतात, आणि जी खाते ती वर लगेच चहा पिते, चहाने लोह अंगाला लागत नाही. लिंबू पिळून जेव म्हटलं तर हसतात.)

२०१९-२१ च्या सरकारी सर्व्हेत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्त कमी आणि पाच वर्षांखालच्या पोरांत शंभरात ६७. म्हणजे काम संपणार नाही, नोकरीचं काय ते पुढे सांगते.

एक गोष्ट नीट शिक, खाणं विचारायला. चोवीस तासांत काय काय खाल्लं ते विचारून लिहून घेतात ती पद्धत तुला पहिल्या-दुसऱ्या वर्षाला येईलच. पुस्तकात सोपी वाटते. आमच्याकडे एका बाईला विचारलं तर "आमटी-भात" म्हणाली, मी लिहिणार एवढ्यात तिची सासू म्हणाली आमटी काय, कट होता, डाळ खाली पोरांना काढून दिली. आता तू वहीत डाळ लिहिणार की पाणी? वाटी दाखव, पळी दाखव, कुठल्या भांड्यातून वाढलं ते विचार, शेवटी कोण जेवतं ते विचार. आणि ज्याच्या त्याच्या भाषेत विचार. बेळगावच्या वॉर्डात एक कॉट मराठी, दुसरी कन्नड, तिसरी उर्दू, तुझं कन्नड दहावीपुरतं आहे ते आता सुधार, इथे राहून त्याशिवाय हे काम व्हायचं नाही, मग बाकी राजकारण काय असेल ते असो.

आत्याला शुगर निघाली तेव्हा एका दवाखान्यात तिला छापील कागद दिला, सकाळी ओट्स, ब्राऊन ब्रेड, मधे सफरचंद, दुपारी एक कप भात. खानापूरच्या आतल्या खेड्यात ओट्स कुठून आणणार ती. कप म्हणजे कुठला तेही कोणी सांगितलं नाही, तिच्या घरी चहाचा कप लहान आणि भाताचं मापटं केवढं ते तू बघितलंयस. तो कागद अजून फ्रीजवर आहे आणि आत्या मनाला येईल ते खाते. देणारी मुलगी शिकलेली असणार, पण तिने आत्याला एक प्रश्न विचारला नाही. नाचणी आत्याच्या घरची, १०० ग्रॅमला ३६४ मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, गाईच्या दुधाच्या तिप्पट, पण आपल्याकडे ती गरिबाचं आणि आजाऱ्याचं खाणं. तेवढं सगळं अंगाला लागतं असं पण नाही, धान्यातलंच फायटेट नावाचं द्रव्य आड येतं, मोड आणून दळली तर ते कमी होतं. हे आत्याला सांगणारा कोणीतरी पाहिजे होता.

दुसरं, जिमवाल्या पोरांचं. न्यूट्रिशनिस्ट म्हणून रील करणारे आणि डबे विकणारे, त्या वाटेला गेलास तर मी नाही बोलणार तुझ्याशी. पोषण संस्थेच्या २०२४ च्या नव्या १७ मार्गदर्शक सूचना आल्यात, त्यात स्नायू वाढवायला प्रोटीन पावडर टाळा असं सरळ लिहिलंय, तुझ्या त्या रूममेटला दाखव.

आता कामाचं. डिग्रीचं नाव नीट बघ, कुठे होम सायन्स, कुठे कम्युनिटी सायन्स, कुठे फूड अँड न्यूट्रिशन, कुठे डायटेटिक्स, आत काय शिकवतात ते सिलॅबस उघडून बघ, नावावर जाऊ नको. धारवाडच्या कृषी विद्यापीठात कम्युनिटी सायन्सचं कॉलेज आहे, ते जवळ, आधी तिकडे जाऊन ये. महाराष्ट्रात जायचं झालं तर सीमाभागातल्या ८६५ गावांच्या पोरांना इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला वेगळ्या जागा असतात, या कोर्सला आहेत काय ते कोल्हापूरला विचारून घे, ऐकीव धरून बसू नको. दवाखान्यात डायटिशियन व्हायचं तर नुसत्या बीएस्सीवर भागत नाही, पुढे एमएस्सी नाहीतर पीजी डिप्लोमा, इंटर्नशिप, मग आरडीची, म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियनची परीक्षा. आरोग्यसेवेतल्या इतर पेशांसाठी २०२१ चा जो कायदा आहे त्यात डायटिशियन-न्यूट्रिशनिस्ट पण आलेत, म्हणजे पुढे रजिस्ट्रेशन लागणार, त्यामुळे मान्यता नसलेल्या खाजगी कॉलेजला पैसे भरायचे नाहीत. सुरुवातीचा पगार फार नसतो हे धरून चाल. मैसूरला सीएफटीआरआय ही अन्न तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था आहे, फूडच्या लाईनला जायचं असेल तर त्याची एमएस्सी बघ, आणि आमच्या खात्यातली सीडीपीओची (अंगणवाड्यांवरच्या बालविकास अधिकाऱ्याची) पण जागा निघते कधीतरी, आधीच्या मॅडम होम सायन्सच्याच होत्या आणि वजनकाटा चुकीचा लावला की लांबूनच ओळखायच्या.

आप्पांशी मी बोलते, मामाशी तूच बोल, मला त्याच्याशी वाद घालायला जमत नाही. फॉर्मला जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला लागेल, उत्पन्नाचा जुना झालाय, नाडकचेरीत नवीन टाकायला पाहिजे, त्याला तुझं आधार लागतंय ते येताना आण. शनिवारी ये, रविवारी मला पोलिओची ड्यूटी आहे.

आई