३१ ऑक्टोबरच्या परिसर-पाहणी फेरीबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, ३१ ऑक्टोबर या जागतिक शहर दिनानिमित्त मंडळातर्फे सकाळी ७ वाजता परिसर-पाहणी फेरी काढण्यात येणार असून, सर्वांनी सभागृहाच्या प्रवेशद्वारापाशी वेळेपूर्वी जमावे. शहरातील माणसांचे स्वास्थ्य दवाखान्यांइतकेच रस्ते, झाडे आणि शेजार यांवरही अवलंबून असते, याच भूमिकेतून जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये युरोपात ‘निरोगी शहरे’ हा उपक्रम सुरू केला होता.

फेरीत पुढील नोंदी करावयाच्या आहेत :

१. झाडे : ‘३-३०-३००’ या सूत्रानुसार प्रत्येक घरातून ३ झाडे दिसावीत, वस्तीवर ३० टक्के वृक्षछाया असावी आणि ३०० मीटरच्या आत बाग अथवा हिरवी जागा असावी. आपल्या खिडकीतून दिसणारी झाडे घरूनच मोजून आणावीत.

२. पदपथ : उखडलेली फरशी, मध्येच रोवलेला खांब किंवा उताराविना संपणारी कड, अशी चाकाची खुर्ची अथवा बाळगाडी जेथे अडते ती प्रत्येक जागा छायाचित्रासह टिपावी. हे काम सर्वांत वेळखाऊ असल्याने त्यासाठी अधिक सभासद लागतील.

३. बाके व दिवे : केवळ संख्या लिहावी.

फेरीदरम्यान कोणत्याही व्यक्तीचे छायाचित्र घेऊ नये. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ शेजाऱ्यांना फेरीचा निरोप मोबाइलवर न धाडता दार वाजवून द्यावा. संदेश वाचला गेला म्हणजे विचारपूस झाली, असे होत नाही. ज्यांना चालणे शक्य नाही, त्यांनी सभागृहात बसून नोंदींचे संकलन करावे.

नोंदी त्याच दिवशी सायंकाळी ६ वाजेपर्यंत चिटणिसांकडे लेखी द्याव्यात.

– चिटणीस