सुध्याच्या नेटबुकचं काय करू

प्रिय नंद्या,

लय दिवस झाले तुले काही लिहिलं नाही, फोन लावतो तर तू मीटिंगमध्ये असतो अन् तू लावतो तेव्हा मी वावरात, म्हणून आज रात्री बसून टाइप करून राहिलो. तब्येत बरी आहे, आईचा गुडघा तसाच, बाबाची शुगर तशीच. सोयाबीन पावसानं नेलं, पऱ्हाटीचा पहिला वेचा घरी आला. एवढं झालं घरचं. आता खरं ते सांगतो, इथं कोणाले सांगितलं तर म्हणतीन डब्ब्यासाठी कायले रडून राहिला बे.

सुध्याच्या नेटबुकवर, त्या छोट्या जुन्या लॅपटॉपवर, नवीन डेबियन, म्हणजे आपलं फुकटातलं लिनक्स, चढत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं ना, ट्रिक्सी नावाचं, तर दिवाळीनंतर अभ्यासिकेतले सगळे मशीन अपग्रेड करायले घेतले. ते कोर टू ड्युओवाले, ज्याच्यावर आपण तेव्हा रॅम कमी म्हणून ३२ बिटचं, म्हणजे जुन्या धाटणीचं, डेबियन टाकलं होतं, त्याच्यावर प्रोसेसरची माहिती दाखवणारी एलएससीपीयू कमांड मारली तर ३२ अन् ६४ दोन्ही मोड दाखवले. मग काय, ६४ बिट नव्यानं टाकलं, रॅम दाबून पुरवणारं झेडरॅम चालू केलं, हलका डेस्कटॉप म्हणून आइसडब्ल्यूएम ठेवलं, हार्डडिस्क काढून एसएसडी लावली, अन् अबे काय पळून राहिले ते! सतरा-अठरा वर्षांचे मशीन आहेत अन् पोट्ट्यायले वाटते नवीन आणले.

पण नेटबुकमध्ये अ‍ॅटम एन २७० प्रोसेसर आहे, निव्वळ ३२ बिट. ट्रिक्सीत त्या मशीनसाठी इन्स्टॉलर नाही अन् कर्नलबी, म्हणजे सिस्टीमचा गाभा, नाही, आय३८६ म्हणजे डेबियनचं ३२ बिटचं रूप ठेवलं ते फक्त ६४ बिटच्या मशीनवर जुने प्रोग्राम चालावे म्हणून. आता तू म्हणशीन, म्हटलं होतं ना आर्च लिनक्स टाक. अबे तुझ्या आर्चनं २०१७ मध्येच ३२ बिट सोडलं, तेव्हा पानठेल्यावर तोंड पाडून बसला होता तू, अन् चहाचे पैसे सुध्यानं दिले होते. तो वाद मी जिंकलेला आहे, पुन्हा काढू नको.

पहिले मले लय राग आला. मग विचार केला, त्या लोकायचंबी खरं आहे, बहुतेक जण फुकटात काम करतात, अन् असे जुने मशीन आता किती जणायजवळ राहिले असतीन टेस्ट करायले. अन् ते २०३८ चं आहेच, १९ जानेवारीले ३२ बिटचं घड्याळ भरते अन् उलटं १९०१ मध्ये जाते. ट्रिक्सीत आर्म प्रोसेसरवाल्या ३२ बिटले ६४ बिटचं घड्याळ दिलं, पण आय३८६ ले नाही दिलं, कारण दिलं तर जुने प्रोग्राम तुटतात, अन् त्या जुन्या प्रोग्रामसाठीच तर ते ठेवलं आहे.

बुकवर्मले, म्हणजे नेटबुकवरच्या जुन्या डेबियन १२ ले, एलटीएस म्हणजे लांब मुदतीचे अपडेट जून २०२८ पर्यंत आहेत, म्हणजे सिस्टीमची घाई नाही. गोची ब्राउझरची आहे. सिस्टीम दोनशे एमबीच्या आत बसते, पण भरतीच्या फॉर्मचं एक पान उघडलं की एक जीबी रॅम संपली. क्रोमनं लिनक्सचं ३२ बिट २०१६ मध्येच सोडलं, फायरफॉक्सचं १४४ हे शेवटचं, त्याचंच जास्त दिवस अपडेट मिळणारं रूप ईएसआर १४०, त्याले सप्टेंबर २०२६ पर्यंत तरी अपडेट देऊ म्हणून राहिले. त्याच्यानंतर? पोट्टे आधार नंबर टाकतात, बँकेचं खातं टाकतात, सही अपलोड करतात. बिना अपडेटच्या ब्राउझरवर हे मी नाही करू देणार, कोणी काही म्हणो.

म्हणून नेटबुकची इंटरनेटची वायर काढली, आता ते निव्वळ टायपिंगले. अन् त्याले गिऱ्हाईक लय आहे! लाइन गेली की बाकीचे बंद, हे मात्र सोलरच्या बॅटरीवर चालू राहते, प्रोसेसर खातेच किती, अडीच वॅट. खालच्या आळीतली एक पोरगी रोज संध्याकाळी त्याच्यावरच बसते, इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठीचा कीबोर्ड, शिकून राहिली. सुध्यानं पेनानं लिहून चिकटपट्टीनं लावलेले अक्षर अजून आहेत, ‘के’वर क, ‘जे’वर र, काही पिवळे पडले, त्याचा तो लांब शेपटीचा र तुले आठवत असन. आता ती खाली पाहतबी नाही, बोटं आपोआप जातात.

अन् इथंच माझं अडलं. पेनड्राइव्हवरून नेटबीएसडी १०, लिनक्ससारखीच एक दुसरी सिस्टीम, लावून पाहिलं, मस्त उठलं, वायफायबी पकडलं, फॉन्ट टाकल्यावर मराठी नीट दिसते, फक्त टर्मिनलात जोडाक्षरं तुटतात. अल्पाइन आहे, व्हॉइड आहे, हे लिनक्सवाले अजून ३२ बिट काढतात. म्हणजे रस्ते आहेत. पण काहीबी नवीन टाकायचं तर डिस्क पुसा लागते, अन् लॉगिनच्या पानावर अजून सुध्याचं नाव येते नंद्या. बॅकअप दोन ठिकाणी घेतला, तरी एंटर दाबवत नाही. तुले विचारल्याशिवाय तर नाहीच दाबणार, ते मशीन आपल्या तिघायचं होतं.

त्यात सरपंच म्हणतात सगळं कबाडीले देऊन टाका. तिकडं तालुक्याच्या एका कॉलेजात उलटंच चाललं आहे, १४ ऑक्टोबर २०२५ ले विंडोज १० चा सपोर्ट संपला, विंडोज ११ ले टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप अन् इंटेल असन तर आठवी जनरेशन लागते, म्हणून चौथ्या जनरेशनचे चांगले आय३ किलोच्या भावात काढून राहिले. डोकं फिरते माझं. सगळे ६४ बिट आहेत, ट्रिक्सी सहज चालन. मी बोलून ठेवलं आहे, थोडे पैसे कमी पडतात, तुझ्याच्यानं जमलं तर पाहा.

तुझी नवीन नोकरी कशी आहे? वहिनीले नमस्कार, छोटीचा फोटो आईले दाखवला, म्हणते नाक तुझ्यासारखं आहे, बिचारी. संक्रांतीले ये.

येताना पुण्यातून डीडीआर २ ची लॅपटॉपची दोन जीबीची रॅमची पट्टी भेटली तर आण, एन २७० ले त्याच्यापेक्षा जास्त लागत नाही. अन् त्याच्या पहिले मले सांग, बुकवर्म राहू देऊ का नेटबीएसडी टाकू. तू हो म्हटलं तर युजर सुध्याच्याच नावानं बनवीन.

तुझा
बाळ्या